डोकी मोजायची की वेळ?

मंडळी, विज्ञान दिन जवळ आला की वर्तमानपत्रात एक तक्ता येतो. दहा लाख लोकसंख्येमागे संशोधक किती? काही वर्षांपूर्वीच्या तक्त्यात भारत 255, चीन दीड हजारांच्या आसपास, दक्षिण कोरिया आठ हजारांच्याही वर. आपण मागे आहोत हे खरंच आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण त्या तक्त्यात ‘संशोधक’ म्हणून नेमकं कोणाला धरलंय, हे मला आज सांगायचंय.

आधी एक आठवण. नव्वदच्या दशकात मी एका सरकारी प्रयोगशाळेत होतो. आमच्या ग्लास ब्लोइंग सेक्शनमध्ये, म्हणजे काचेची उपकरणं घडवणाऱ्या विभागात, एक काका होते. इथे रसायनशास्त्राची मंडळी बरीच दिसतात, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. बर्नरच्या ज्योतीवर बोरोसिलची नळी फिरवत फिरवत तो माणूस अख्खी व्हॅक्यूम लाइन, म्हणजे आतली हवा काढून प्रयोग करायची काचेच्या नळ्यांची मांडणी, उभी करायचा. आम्ही कागदावर वेडंवाकडं चित्र काढून न्यायचो. काका ते बघायचे आणि म्हणायचे, “साहेब, हा सांधा इथे दिलात तर तापल्यावर तडकेल. दोन इंच खाली घेऊ.” तो सांधा खाली घेतला म्हणूनच प्रयोग झाला, असं माझ्या बाबतीत किमान तीनदा घडलंय.

तर एके वर्षी मनुष्यबळाच्या पाहणीचा फॉर्म आला. रकाने तीन: संशोधन, साहाय्यक, प्रशासन. काका गेले साहाय्यक रकान्यात. आणि ज्यांचा दिवस टेंडर आणि खरेदीच्या बैठकांत जायचा, वर्षभरात ज्यांनी प्रयोगशाळेचं दार क्वचितच उघडलं, ते एक साहेब गेले संशोधन रकान्यात. पूर्ण एक. मी आस्थापना विभागात जाऊन भांडलो. उत्तर मिळालं, “पदनाम बघून भरायचं असतं.” ते उत्तर मला आजही टोचतं. पदनामावरून देशाची संशोधनशक्ती कशी कळणार?

चिठ्ठी आलीये, सात मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा आता भरभर सांगतो.

रोमजवळ फ्रास्काती नावाचं गाव आहे. 1963 च्या जूनमध्ये तिथे निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ जमले आणि मोजणीचे नियम ठरले. ते आजही ‘फ्रास्काती मॅन्युअल’ म्हणून चालतात. त्यातली कळीची गोष्ट अशी की, डोकी मोजा, पण वेळही मोजा. प्राध्यापकाचा चाळीस टक्के वेळ संशोधनात जात असेल, तर तो 0.4 माणूस. याला एफटीई म्हणतात, म्हणजे ‘फुल टाइम इक्विव्हॅलंट’, पूर्णवेळाच्या हिशेबातली माणसं. शिकवण्याचं ओझं ज्या देशात जास्त, तिथे डोक्यांचा आकडा आणि एफटीईचा आकडा यांत मोठी फट पडते. म्हणून एका देशाची डोकी दुसऱ्याच्या एफटीईशेजारी ठेवायची नाहीत.

दुसरं, व्याख्या. चीनने 2009 पासून संशोधकाची आंतरराष्ट्रीय व्याख्या लावली. 2008 मध्ये सुमारे 15.9 लाख असलेले संशोधक पुढच्या वर्षी सुमारे 11.5 लाख झाले. चार लाखांवर माणसं एका वर्षात कमी झाली आणि घरी मात्र कोणीच गेलं नव्हतं!

तिसरं, भाजक. कुठे दहा लाख लोकसंख्येमागे मोजतात, कुठे काम करणाऱ्या हजार लोकांमागे. आपल्यासारख्या, मुलांची संख्या मोठी असलेल्या देशाचं चित्र त्याने बदलतं.

आणि चौथं, माझं सगळ्यात जिव्हाळ्याचं. आपल्याकडे 1 एप्रिल 2018 ला संशोधन संस्थांमध्ये 5.52 लाख माणसं होती. दहा लाखांमागे 255 हा आकडा त्यांतल्या फक्त 3.42 लाखांचा आहे. उरलेले दोन लाखांहून जास्त लोक साहाय्यक आणि प्रशासन या रकान्यांतले. फ्रास्कातीच्या नियमांत तंत्रज्ञांना वेगळा, मानाचा रकाना आहे. पण बातमीत येतो तो फक्त संशोधकांचा आकडा. अमेरिकेपुरतं तर तंत्रज्ञांसह एकूण मनुष्यबळाचं घर आंतरराष्ट्रीय तक्त्यांत बरीच वर्षं रिकामं असायचं, म्हणजे तुलना करायची म्हटली तरी करता येत नव्हती.

वेळ संपलाय, एवढं सांगतो आणि बसतो. काका निवृत्त झाले. जागा भरली नाही. आमच्या खोलीतल्या व्हॅक्यूम लाइनचा स्टॉपकॉक, म्हणजे तोटी, तडकला, तेव्हा ती पाच महिने बंद पडून होती. त्या वर्षीचा फॉर्म मीच भरला. संशोधन रकान्यातला आमच्या विभागाचा आकडा आदल्या वर्षीइतकाच होता.