शह आणि चेक

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी रविवारी दुपारी बुद्धिबळाचा पट मांडला जायचा. एका बाजूला माझे वडील, दुसऱ्या बाजूला समोरच्या बिऱ्हाडातले काका. डाव रंगात आला की वडील हळूच म्हणायचे, “शह.” काकांची पाळी आली की ते म्हणायचे, “चेक.” एक मराठी शब्द आणि एक इंग्रजी, यापलीकडे मला त्यात काही दिसायचं नाही. पुढे बँकेत नोकरीला लागलो, दिवसभर हाताखालून चेक जायचे, आणि एकदा कुतूहलानं शब्दकोश उघडला. तेव्हा कळलं की वडील आणि काका एकच शब्द उच्चारत होते.

आपल्या भूमीतला चतुरंग इराणात गेला, तिथं त्याचा चतरंग झाला. अरबांनी इराण जिंकलं, तेव्हा हा खेळ त्यांनी उचलला आणि त्याला शतरंज म्हटलं. फारसीत राजा म्हणजे शाह. राजावर हल्ला झाला की समोरच्याला सावध करायचं, “शाह!” म्हणजे तुमचा राजा सांभाळा. अरबांबरोबर खेळ स्पेनपर्यंत पोहोचला आणि युरोपभर पसरला. वाटेत शाहचा उच्चार बदलत गेला. लॅटिनमध्ये तो स्काकुस झाला, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक, आणि इंग्रजीत चेक. त्याच एशेकच्या अनेकवचनातून चेस हा शब्द निघाला. म्हणजे इंग्रजीत या खेळाचं नावच मुळात ‘राजे’ असं आहे!

आपल्याकडे मात्र तोच शाह फारसीतून थेट आला. शह देणे, शहाला काटशह, ही आपली रोजची भाषा. निवडणुका आल्या की वर्तमानपत्रांत दर दोन दिवसांनी कुणीतरी कुणालातरी शह देतच असतो. आणि हा शाह आपल्याला मुळातही परका नाही बरं का. राज्य करणे या अर्थाचा जो प्राचीन इराणी धातू शाहच्या मुळाशी आहे, त्याचाच संस्कृतातला सख्खा भाऊ ‘क्षि’, आणि त्याच घराण्यातले क्षत्र, क्षत्रिय. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतं बसून राहावंसं वाटलं होतं.

आता राजाचा संबंध पैशाशी कसा आला? त्यासाठी बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जावं लागेल. तिथं वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरीस, परगण्यापरगण्यातून शेरीफ यायचे. शेरीफ म्हणजे राजाचा वसुली अधिकारी. मुंबईच्या नगरपालांचं इंग्रजी पदनाम आजही तेच आहे. हे शेरीफ एका मोठ्या टेबलापाशी हिशेब द्यायला बसायचे. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं ११७७च्या सुमारास या कचेरीचा कारभार समजावून सांगणारा ग्रंथ लिहिला, त्यात त्या टेबलाचं मापसुद्धा दिलंय. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, आणि वरचं काही खाली घरंगळू नये म्हणून चारी बाजूंनी चार बोटं उंच कड. वर काळं कापड, कापडावर रेघा. रेघांमधल्या रकान्यांत बिल्ले मांडायचे. हा रकाना पेन्सचा, हा शिलिंगचा, हा पौंडांचा, पुढे विसांचा, शंभरांचा, हजारांचा. रोमन आकड्यांत बेरीज करणं महाकठीण, त्यामुळे आकडे लिहीत बसण्यापेक्षा बिल्ले सरकवणं सोपं. शिवाय वसूल किती व्हायला हवा होता आणि आणला किती, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघड व्हायचं.

ते रेघारेघांचं कापड दिसायचं बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून त्या कचेरीचं नाव पडलं एक्स्चेकर, म्हणजे पट. फिट्झनीलनं त्याहून एक सुंदर गोष्ट लिहून ठेवली आहे. या टेबलावर खजिनदार आणि शेरीफ यांच्यात डावच चालतो, असं तो म्हणतो, आणि बाकीचे बसून निवाडा करतात. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणतात, ते या पटावरूनच.

आमच्या बँकेतल्या चेकची गोष्ट थोडी वेगळी. राजाला शह बसला की खेळणाऱ्याच्या बाकी चाली थांबतात, आधी राजाला सोडवावं लागतं. त्यामुळे चेक म्हणजे अडवणूक, लगाम, आणि हळूहळू, लगाम ठेवण्यासाठी केलेली तपासणी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणत ते हुंडीच्या स्थळप्रतीला, म्हणजे काउंटरफॉइलला. मूळ कागदात कुणी आकडा फिरवला, तर स्थळप्रतीशी ताडून पाहायचं. लबाडीला शह देणारा कागद, म्हणून चेक. पुढे नाव स्थळप्रतीवरून सरकलं आणि पैसे देणाऱ्या कागदालाच चिकटलं. स्पेलिंगमध्ये शेवटी क्यू-यू-ई आलं ते एक्स्चेकरच्या प्रभावानं. अमेरिकेत ते आलंच नाही, तिथं बँकेचा चेकही सी-के नंच लिहितात. चेकबुकातल्या स्थळप्रतीवर तारीख आणि रक्कम न लिहिणाऱ्या खातेदारांना मी कळकळीनं सांगायचो, अहो, खरा चेक तोच आहे.

अडवण्याचा तो जुना अर्थ आपल्या गावांत अजून जिवंत आहे. ओढ्यावर घातलेला चेक डॅम काही तपासत नाही, पाणी अडवतो. मुलुंडच्या आणि दहिसरच्या चेकनाक्यावर दोन्ही अर्थ एकत्र नांदले: गाडी अडवायची, माल तपासायचा, जकात घ्यायची. २०१७मध्ये मुंबईची जकात गेली, रिक्षावाल्याला पत्ता मात्र अजून चेकनाका असाच सांगतात. एसटीत चढणारा चेकर, विमानतळावरचं चेक-इन, डॉक्टरांकडचं चेकअप, ही सगळी तपासणीचीच पिल्लं. चेक्सचा शर्ट पटाच्या घरांवरून आला. चेक प्रजासत्ताकाचं नाव तेवढं यातलं नाही. ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, उच्चार जुळला इतकंच.

चेकऐवजी धनादेश म्हणावं, असं कुणी सांगितलं की मला तो शब्द आवडतो, मी लिहितोही. फक्त चेक परका म्हणून टाकून द्या असं म्हटलं, की मला वडिलांचा शह ऐकू येतो.

राहिली मात. चेकमेटमधला मेट म्हणजे दोस्त नव्हे. मूळ शब्द शाह मात. फारसीत मात म्हणजे निरुपाय झालेला, अरबीत मात म्हणजे मेला. खेळात तो नेमका कुठल्या अर्थानं शिरला यावर जाणकारांची मतं वेगवेगळी आहेत. मराठीत मात्र मात पटावरून उठून घराघरांत आली. गरिबीवर मात, दुष्काळावर मात. वडील एका मोठ्या दुखण्यातून उठले, तेव्हा समोरचे काका भेटायला आले. उशाशी बसले, वडिलांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “मात केलीत बरं का.” आयुष्यभर चेक म्हणणारे काका मात म्हणाले. वडील हसले, आणि त्यांनी मला पट आणायला सांगितला.

नमस्कार.