पंचनाम्यातली एक ओळ

(दृश्य : पोलीस ठाण्यामागचं आवार)

पावसाळ्यातली पहाट, तीन-साडेतीनची वेळ. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणच्या पुढे ही राखाडी गाडी उभ्या ट्रकला मागून धडकली. बॉनेट डॅशबोर्डला भिडलंय. दोन्ही एअरबॅग फुटून लोंबतायत. मागच्या सीटवर फ्लेक्सचे रोल मात्र जसेच्या तसे आहेत. शेजारच्या गाड्या जुन्या. मुद्देमाल म्हणून आणलेल्या, सुपुर्तनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, सोडवायला कोणी न आलेल्या. एकीच्या इंजिनाच्या जागी बाभूळ उगवलीय.

(दृश्य : महामार्ग, टेप धरलेले पोलीस)

पंचनामा उजाडल्यावर झाला. तोवर वाहतूक मोकळी करायला क्रेनने ट्रक बाजूला घेतला होता, पण चाकांच्या जागा खडूने आखून ठेवल्या होत्या. ज्याला हे सुचलं त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं! टेपचं एक टोक खडूच्या खुणेवर, दुसरं पांढऱ्या पट्टीवर. ट्रक साइडपट्टीवर किती आणि डांबरावर किती, ते इथे ठरतंय. ब्रेकच्या खुणा कुठून सुरू होतात, काचा कुठवर उडाल्या, हवालदार कच्चा नकाशा काढतायत. दोन पंच सावली शोधतायत. घाई सगळ्यांनाच आहे.

आता ट्रकची मागची बाजू बघा. रिफ्लेक्टर टेपवर चिखलाचा थर. उजवा टेललॅम्प नाही. धडकेत फुटला असं कोणीही म्हणेल, ट्रकवाला तर म्हणालाच. हवालदारांनी मात्र वायर हातात घेतली. तांब्याचं टोक हिरवं पडलेलं. ताजी तुटलेली तार लख्ख असते, हिरवी पडायला दिवस जातात. म्हणजे हा दिवा अपघाताच्या आधीपासूनच नव्हता. मागे इशाऱ्याचा त्रिकोण ठेवल्याची खूणही कुठे नाही. त्यांनी लिहिलं : ‘उजवे बाजूचा टेललॅम्प नाही, वायर जुनी तुटलेली, टोकास गंज.’ आणि वायरीचा जवळून फोटो घेतला.

ही ओळ नसती तर? उभ्या वाहनावर आदळणाऱ्याचीच चूक, असं धरून चालायची आपल्याकडे सवय आहे. बऱ्याचदा गुन्हाही मेलेल्या चालकावरच दाखल होतो. मग ट्रकच्या विमा कंपनीला फार काही बोलावंच लागत नाही. रस्त्यात धोकादायक रीतीने वाहन उभं करायला मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ मनाई करतं, पण ते उभं कसं होतं हे कागदावर आलं पाहिजे.

(दृश्य : गॅरेज, सर्व्हेअर)

गाडीचा स्वतःचा क्लेम त्या मानाने सरळ. नुकसान पन्नास हजारांच्या वर गेलं की नुकसान मोजणारा परवानाधारक सर्व्हेअर लागतो. हे सर्व्हेअर आधी चेसिस नंबर बघतात, मग दारांच्या फटी, मग खाली वाकून क्रॉसमेंबर, म्हणजे सांगाड्याचा आडवा दांडा. मेकॅनिक एकेक पार्ट सांगतो, ते टिपून घेतात. प्लॅस्टिक, रबर, एअरबॅग यांवर घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, ५० टक्के. झिरो डेप हे जादा संरक्षण घेतलं असेल तर तो कापत नाहीत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की टोटल लॉस, आणि हिशेब आयडीव्हीवर. चार ते पाच वर्षांच्या गाडीची आयडीव्ही नव्याच्या निम्मी धरतात. सांगाडा भंगारवाला नेतो. आरसी रद्द करून घ्यायचं मात्र राहून जातं आणि तोच चेसिस नंबर पुढे चोरीच्या गाडीवर निघतो. तेवढं सांभाळा.

(दृश्य : वकिलांचं टेबल, कागद)

गाडी चालवणारा गेला. वय ३४, फ्लेक्स छपाईचा धंदा. मागे पत्नी, मुलगी, आई.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा पॉलिसीत होता, तो वारसाला मिळतो. मोठा दावा ट्रकच्या विमा कंपनीवर, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. त्याचा हिशेब ठरलेला आहे. रिटर्नप्रमाणे वर्षाचं उत्पन्न ३ लाख ६० हजार. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी म्हणून, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे, पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के वाढ : ५ लाख ४ हजार. अवलंबून तिघं, म्हणून स्वखर्चाचा एक तृतीयांश वजा : ३ लाख ३६ हजार. वय ३१ ते ३५ ला, त्याच न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातला गुणक १६. झाले ५३ लाख ७६ हजार, वर ठरावीक किरकोळ रकमा. चूक निम्मी-निम्मी ठरली, तर २६ लाख ८८ हजार. मधला फरक त्या हिरव्या पडलेल्या तारेचा.

पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा, असा २०२२ चा नियम आहे. वारसांना दाव्यासाठी ६ महिन्यांची मुदत. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. दावा राहत्या गावीही लावता येतो, त्यामुळे हा पुण्यातच लागलाय.

ट्रकच्या विमा कंपनीचं लेखी म्हणणं आलंय : गाडीचा वेग जास्त होता, ट्रक दुरून दिसत होता. पुढच्या तारखेला साक्षीसाठी हवालदारांना समन्स निघालंय. त्यांची बदली झालीय, पण फोटो त्यांनी जपून ठेवलेत.