शिजलं का, ते आतल्या भागाला विचारा

नमस्कार, श्रोतेहो.

चिकनची तंगडी तळली होती. वरून मस्त तांबूस, खरपूस वास घरभर. भाच्याच्या ताटात वाढली. दोन घास झाले आणि तो थांबला. म्हणाला, "मावशी, हे आतून गारच लागतंय." मी तंगडी उकलून पाहिली. हाडालगतचं मांस गुलाबी, चिकट, काचेसारखं चकाकत होतं. त्या रात्री काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ताप, पोटात मुरडा आणि जुलाब. आठवडाभर पोर अंथरुणाला खिळलं होतं. वाढणारी मी होते, हे माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून आज हा विषय घेऊन तुमच्यापुढे आले आहे.

मला रंगाने फसवलं. कढईतलं तेल १७०-१८० अंश सेल्सिअसला असतं, त्यामुळे वरचा थर चार-पाच मिनिटांत तांबूस होतो. पण उष्णता मांसातून आत सरकते ती फार सावकाश. तुकड्याची जाडी दुप्पट झाली, की मधोमध पोचायला तिला वेळ दुप्पट नाही, जवळजवळ चौपट लागतो. त्यात तुकडा फ्रीझरमधून काढलेला आणि आतून अजून गोठलेला असेल, तर बाहेर करपेल तरी आत कच्चंच राहील. माझं नेमकं तेच झालं होतं.

रंग उलटाही फसवतो. खिमा पुरेसा तापण्याआधीच तपकिरी दिसू लागतो. आणि पूर्ण शिजलेल्या कोंबडीतही हाडातल्या मगजामुळे हाडाशी लाली राहू शकते. सुरी टोचल्यावर पाणी स्वच्छ आलं म्हणजे झालं, असं आपण म्हणतो. त्याचाही भरवसा नाही.

मग भरवसा कशाचा? मधोमध किती अंश आहेत, त्याचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, अन्न आतपर्यंत ७० अंशांना पोचू द्या. अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे थोडे वेगवेगळे आहेत: कोंबडीला ७४, खिम्याला आणि अंड्याच्या पदार्थांना ७१, माशाला ६३. मटणाच्या अख्ख्या तुकड्यालाही ६३, पण आचेवरून उतरवून तीन मिनिटं तसाच ठेवायचा. एवढे आकडे ध्यानात राहत नसतील, तर एकच ७४ धरून चला.

हे आकडे आले कुठून? साल्मोनेलासारखे जंतू उष्णतेने मरतात, पण त्यांना मरायला वेळही लागतो. कोंबडी ६० अंशांवर असेल तर अर्धा तास लागू शकतो. ७०च्या आसपास काही सेकंद. ७४ला वाट पाहावी लागत नाही.

खिम्याबद्दल जरा थांबून बोलते. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात, आणि तीच बाजू आधी भाजते. खिमा करताना बाहेरचं सगळं आत कालवलं जातं. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलायची साथ पसरली. ७००हून जास्त माणसं आजारी पडली, चार मुलं दगावली. हा जंतू लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. म्हणून खिम्याच्या गोळ्यात, टिक्कीत "थोडं कच्चट चालेल" असं कधीच म्हणू नका.

आता थर्मामीटर. तापाचा नव्हे, स्वयंपाकाचा, टोकदार सळईचा. टोक सर्वात जाड भागात मधोमध खुपसायचं, हाडाला लागू द्यायचं नाही. आकडा आधी भरभर चढतो, मग साठीच्या आसपास रेंगाळतो. तिथेच आपला धीर सुटतो. जवळ उभी राहून मी तो पाहते: ६१, ६४, मग ७०. दुसऱ्या बाजूला खुपसावं तर तिथे ६६. म्हणजे अजून झालं नाही. दोन-तीन ठिकाणी पाहायचं ते यासाठीच. कच्च्यात घातलेली सळई साबणाने धुतल्याशिवाय पुन्हा घालू नका. ती बरोबर दाखवते का, हे पाहायला बर्फाच्या पाण्यात बुडवा. शून्य दिसलं पाहिजे.

थर्मामीटर नसेल तर तुकडे लहान करा, रश्शाला मधोमध खळखळून उकळी येऊ द्या आणि जाड तुकडा फोडून पाहा. खात्री कमी, पण नुसत्या रंगापेक्षा बरं.

शिजलं म्हणजे काम संपलं असंही नाही. ५ ते ६० अंशांमध्ये जंतू भराभर वाढतात, म्हणून उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. मोठ्या पातेल्यात ते तासन्‌तास कोमटच राहतं, उथळ भांड्यात काढलं की लवकर निवतं. परत गरम करताना पुन्हा ७४. मायक्रोवेव्हमध्ये कडेला वाफा आणि मध्ये गार असं होतं, तेव्हा मध्येच काढून ढवळा.

भाताचं मात्र वेगळं आहे. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू उकळीलाही दाद देत नाहीत. भात बाहेर राहिला की ते रुजतात, विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा तापवून जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा वास घेऊन ठरवू नका, त्याला वास येतोच असं नाही. तो टाकून द्या.