एकट्या नाविकाची चिडचिड

श्रोतेहो, नमस्कार. शिडाच्या होडीतून एकट्याने महासागर ओलांडणाऱ्या माणसाची गोष्ट निघाली की वादळ, डोंगराएवढ्या लाटा आणि मोडलेली डोलकाठी यांचीच वर्णने आपल्या कानांवर पडतात. त्या संकटांना मी मुळीच कमी लेखत नाही; परंतु या नाविकांच्या हकिकती बारकाईने वाचल्यावर ध्यानात येते, की वादळ काही दिवसांत सरते आणि उरलेले महिने त्यांचा जीव खातात त्या अगदी क्षुल्लक, पुष्कळदा ऐकणाऱ्याला हसू यावे अशा अडचणी. कोकणातल्या गलबतावर काही बिघडले तर तांडेल खलाशावर ओरडून मोकळा होतो. एकट्या नाविकाला तीही सोय नाही, कारण हत्यार जागेवर न ठेवणारा, दोर नीट न बांधणारा आणि पहाऱ्याच्या वेळी डुलकी घेणारा तो स्वतःच असतो.

त्यातही वारा पडला की फार हाल होतात. विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात वारा नसला तरी दूरवरून आलेली लाट होडीला डावी-उजवीकडे हेलकावत राहते, शीड रिकामेच फडाफड आपटते, शिवणी झिजतात, आणि होडी जागची हलत नाही. शीड उतरवून ठेवावे तर तेवढ्यात झुळूक येते. ते चढवून होईपर्यंत ती निघून जाते.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. १८९५ मध्ये तो ‘स्प्रे’ या होडीतून बोस्टनहून निघाला. रेखांश काढायला लागणारी वेळ अचूक दाखवणाऱ्या क्रोनोमीटरच्या दुरुस्तीला १५ डॉलर पडणार होते, म्हणून त्याने ते मागेच ठेवले आणि दीड डॉलर किमतीचे पत्र्याचे घड्याळ, तबकडी फुटलेली असल्यामुळे, एका डॉलरला घेतले. पुढे त्याचा मिनिटकाटा गेला आणि ते चालू व्हावे म्हणून स्लोकमला ते चक्क उकळावे लागले. तरीही त्याचा मार्ग चुकला नाही, कारण चंद्राच्या वेधावरून रेखांश काढण्याची किचकट गणिते त्याला येत होती. सेंट हेलेना बेटावर मात्र त्याला एक बोकड भेट मिळाला. सोबत होईल या समजुतीने त्याने तो होडीवर घेतला, तर बोकडाने बांधलेले दोर खाल्ले, गवती टोपी खाल्ली आणि वेस्ट इंडीजचा सागरी नकाशाही फस्त केला. स्लोकमने त्याला पुढच्याच असेन्शन बेटावर उतरवले. पण नकाशा गेला तो गेलाच, आणि कॅरिबियन समुद्र त्याला नकाशावाचून गाठावा लागला.

आपल्याला अधिक जवळची होडी म्हणजे ‘सुहेली’. इंग्रज नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ही ३२ फुटी सागवानी होडी मुंबईत, येथल्या सुतारांच्या हातून बांधली गेली. १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडमधील फाल्मथहून निघाले. कोठेही न थांबता आणि कोणाचीही मदत न घेता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण करायची, अशी ते उतरले होते त्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीची अट होती. आपले नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून केलेल्या प्रदक्षिणेत चार बंदरे घेतली, त्यामुळे त्यांना वाटेत दुरुस्ती करता आली. नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे संपलेली वस्तू संपलीच.

‘सुहेली’च्या तळाजवळची फट उघडून पाणी आत येऊ लागले, तेव्हा त्यांनी श्वास रोखून पुन्हा पुन्हा पाण्याखाली जाऊन त्या फटीत कापूस ठोकला. गोरे अंग शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून ते निळा शर्ट आणि जीन्स घालून उतरले होते. बॅटरी चार्ज करणाऱ्या इंजिनाची ठिणगी दुरुस्त करायची तर तिथली बारीक फट मोजण्याचे साधन सापडेना. मग त्यांनी पुस्तकाची २०० पाने एक इंच भरतात असे मोजून काढले आणि लागतील तेवढी पाने फटीत धरून काम भागवले. माझ्या मते हा प्रसंग कोणत्याही वादळाच्या वर्णनाइतकाच मोलाचा आहे. पुढे ऑस्ट्रेलियाच्या आसपास सुकाणू सांभाळणारे स्वयंचलित यंत्रही निकामी झाले, आणि उरलेली वाट शिडांचा तोल साधून काढावी लागली.

२२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ते फाल्मथला परतले. तेथे होडीवर चढलेल्या कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे कोठून आलात असे विचारले, आणि त्यांनीही रिवाजाप्रमाणे खरे तेच उत्तर दिले : फाल्मथहून.