मळके कपडे घेऊन जा

नमस्कार मंडळी. आत्ता निम्म्या घरांत कुकरच्या शिट्ट्या चालू असतील, तर मी जरा मोठ्यानेच बोलतो. आजचा विषय आहे जुनं वॉशिंग मशीन, म्हणजे दुसऱ्याने वापरलेलं मशीन आपण घेणं. मे-जून आला की पुण्यात हा बाजार जोरात असतो. हिंजवडीतली पोरं नोकरी बदलतात, बंगलोरला जातात, फ्लॅट रिकामा करायचा असतो, मग फ्रीज, गादी, मशीन सगळं एकदम विकायला निघतं. नवं फ्रंट लोड, म्हणजे पुढून दार असलेलं, घ्यायचं तर पंचवीस-तीस हजार सहज जातात, तेच पाच-सहा वर्षं वापरलेलं सात-आठ हजारात मिळतं. मोह होतोच. मलाही झाला, आणि त्याच मोहाची गोष्ट सांगणार आहे.

पण गोष्टीआधी एक वाक्य, आणि हे आज मी तुम्हाला तीन-चारदा ऐकवणार. मशीन बघायला जाताना घरचे मळके कपडे घेऊन जा. मळके कपडे घेऊन जा. रिकामं मशीन कुणाचंही गुणीच वाटतं हो.

तर २०१९ चा मे महिना. आमची आत्या कराडहून धायरीला राहायला आलेली, मुलाकडे. आयुष्यभर विहिरीच्या काठावर दगडावर कपडे आपटलेली बाई, पण आता गुडघे गेलेले, म्हणून मुलगा म्हणाला मशीन घेऊ, आणि आत्या म्हणाली नवं नको, पैसे काय झाडाला लागलेत का. बघायचं काम माझ्याकडे आलं कारण मी रेडिओवर बोलतो म्हणजे मला सगळं कळतं असा आमच्या घरात समज आहे.

पहिलं मशीन कर्वेनगरला होतं. मी स्कूटर काढली तर आत्या मागे बसली ती हातात ही एवढी पिशवी घेऊन. मला वाटलं येताना भाजी घ्यायची असेल. तिथे गेलो, माणूस भला वाटला, मशीन ड्राय बाल्कनीत होतं. (आता या ड्राय बाल्कनीचं मला एक कळत नाही, अख्ख्या घरात तिच्याइतकी ओली जागा दुसरी नसते आणि नाव ड्राय, बिल्डर लोकांना कुणी तरी मराठी शिकवा.) त्याने बटण दाबलं, रिकामा ड्रम गर्र फिरला, काही आवाज नाही. बघा, किती शांत चालतं, तो म्हणाला. मी लगेच मान डोलावली, मला घरी जायचं होतं. आणि आत्याने पिशवी उघडली. दोन चादरी, मामांचं धोतर, एक जाड टॉवेल, आणि वर माझीच जीन्स, ती तिने आदल्या दिवशी आमच्या घरातून उचलली होती आणि मला पत्ता नव्हता.

"हे टाक रं आत," ती मालकाला म्हणाली, "आणि धू."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण नाही कसं म्हणणार, त्याने अर्ध्या तासाचा क्विक वॉश लावला, आम्हाला चहा दिला. धुताना सगळं ठीक होतं. पाणी घेतलं, इकडे फिरला, तिकडे फिरला, पाणी सोडलं. मग स्पिन सुरू झाला, म्हणजे कपडे पिळायचा फेरा. सुरुवातीला बारीक खरखर, मग ती वाढत वाढत गेली आणि शेवटी अक्षरशः डाळीची गिरणी. ओट्यावरची वाटी थरथरायला लागली. आणि त्या भल्या माणसाने काय करावं, त्याने हळूच टीव्हीचा आवाज वाढवला!

"स्पिनला आवाज येतोच," तो म्हणाला.

"येतो की," आत्या म्हणाली, "पर असा मोडल्यावानी न्हाई येत."

तो बेअरिंगचा आवाज होता. ड्रम ज्या बेअरिंगवर फिरतो त्याच्यापुढे एक सील असतं, ते झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो. मग रिकामं मशीन गप्प आणि ओल्या कपड्यांचं वजन पडलं की बोंब. दुरुस्ती तीन-चार हजारांच्या घरात जाते, आणि काही मशीनचा टब, म्हणजे ड्रमभोवतीचं पाण्याचं भांडं, असा चिकटवलेला असतो की बेअरिंगसाठी सगळा टबच बदलावा लागतो. म्हणजे सात हजारांचं मशीन तिथेच संपलं.

आम्ही नको म्हणालो. पण निघणार कसे? फ्रंट लोडचं दार स्पिन थांबल्यावरही दोन-तीन मिनिटं लॉक असतं. मशीन नाकारलेलं, कपडे आत, आणि आम्ही तिघं त्या काचेकडे बघत उभे. कुणी काही बोलेना. जन्मात दोन मिनिटं इतकी लांब गेली नाहीत. मग एकदाची टक्कन कळ सुटली, आत्याने कपडे पिशवीत कोंबले, "चहा चांगला हुता" म्हणाली आणि निघाली.

दुसरं मशीन बावधनला. आता पिशवी ओली, आणि स्पिन मध्येच थांबवायला लावला होता त्यामुळे नुसती ओली नाही, गळती. माझ्या पाठीवर, सीटवर, चांदणी चौकापर्यंत थेंब थेंब. तिथे दार एका बाईंनी उघडलं, नवरा-बायको दोघं परदेशी निघालेले, घरात खोक्यांचा ढीग. ओली पिशवी बघून त्या गोंधळल्या. आत्या म्हणाली, "अर्धवट धुतल्यात, तुमच्याकडं पुरं करतो."

हे मशीन चांगलं निघालं, आधी सांगून टाकतो. पाठीमागच्या स्टिकरवर २०१३ साल होतं, दाराचं रबर मऊ, काळे डाग थोडेसेच, स्पिनला विमानासारखा एकसुरी आवाज, बस. आता आत्याचं धाडस वाढलेलं. खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं बघा, त्याच्यामागे पंपाचा फिल्टर. "ह्यात काय आसतंय?" म्हणत ती खाली बसली आणि कुणी काही म्हणायच्या आत फिरवून बाहेर ओढला. भस्सकन् तांब्या-दोन तांबे काळं पाणी त्यांच्या फरशीवर. खोक्यांखाली गेलं, बाईंचा पासपोर्ट की काय खाली ठेवलेला तो त्यांनी झडप घालून उचलला. मला धरणी दुभंगावी असं झालं. आत्या मात्र त्या पाण्यातून एक एक वस्तू वेचत होती. एक केसांची पिन, शर्टाचं बटण, मुलाच्या खेळण्याचं चाक, आणि नाणी. एक पाचचं, सहा दोनची. नळाखाली धुऊन तिने ती चहाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि म्हणाली, "हे तुमचं सतरा रुपये. पर एवढं पाणी आत ऱ्हायलं म्हंजे पंप बाहेर टाकंना की ओ. ह्याचं पाचशे कमी करा."

आणि त्या बाईंनी केले! आठ हजारचं मशीन साडेसात हजारांना आलं.

आता मंडळी, इतक्या वर्षांनी कबूल करतो. फिल्टरपाशी थोडं पाणी प्रत्येक मशीनमध्ये राहतंच. नव्या कोऱ्यातही राहतं. तो पंपाचा दोष नव्हता. मला तेव्हाही ते माहीत होतं आणि मी फरशी पुसत गप्प बसलो. त्या बाई ऐकत असतील तर पाचशे रुपये आत्याकडून मागा, माझ्याकडून नको.

पण फिल्टर उघडून बघायची कल्पना मात्र पक्की आहे, खाली एक ताट धरून आणि मालकाला विचारून. तो फिल्टर बघितला की कळतं या घरात मशीनकडे कुणी लक्ष दिलंय का. कधीच उघडला नसेल तर बाकीचंही तसंच असणार.

अरे, वेळ किती झाला, निर्मात्या बाई काचेतून बोटं दाखवायला लागल्या. पटापट सांगतो. कपडे टाकायच्या आधी ड्रमच्या आत हात घालून वरची कड धरा आणि वर-खाली हलवा. नुसता ड्रम टबाच्या आत खडखड हलला तर बेअरिंग गेलंय. सगळा टब मिळून हलला तर ठीक, तो स्प्रिंगवर असतो. मग हाताने सावकाश फिरवा, वाळूतून फिरल्यासारखं लागलं तर नको म्हणा. वाघोली, धायरी असल्या टँकरच्या नाहीतर बोअरच्या पाण्यावरच्या भागातलं मशीन असेल तर हीटरवर क्षाराचा थर असणारच, तेव्हा वेळ असेल तर गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावा, वीस-पंचवीस मिनिटांनी दाराच्या काचेला हात लावा, कोमट लागली पाहिजे. थंडगार असेल तर हीटर तरी गेलाय नाहीतर मशीनचं कार्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. कार्ड गेलं असेल तर खर्च पुन्हा हजारात. मशीन जरा पुढे ओढून खालून आणि मागून बॅटरी मारून बघा, उंदरांनी वायरी खाल्ल्यात का. हसू नका, तळमजल्यावरच्या मशीनचा हा नेहमीचा आजार आहे. बिल मागा. मोटरवर बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची वॉरंटी देतात, पण ती मोटरची, बेअरिंगची नाही आणि कार्डाची नाही, विकणारा "अजून वॉरंटीत आहे" म्हणाला की कशाची ते विचारा.

आणि ज्यांच्याकडे पाणी दिवसाआड येतं, लाइटचा भरवसा नाही, त्यांनी सरळ सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे धुवायला एक टब आणि पिळायला शेजारी ड्रायर असलेलं, घ्यावं असं माझं मत. लोक नाक मुरडतात. पण त्यात आहे काय, दोन मोटरी, पट्टा, टायमर, कपॅसिटर, कुठल्याही तालुक्याच्या गावचा मेकॅनिक उघडतो. बादलीने पाणी ओता, चालतं. फक्त ड्रायर फुल स्पीडला फिरत असताना झाकण उचलून बघा, काही सेकंदांत थांबला पाहिजे. नाही थांबला तर ब्रेक गेलाय, घरात लहान मूल असेल तर तो आधी बदलून घ्या, मग वापरा. आणि हो, मोबाइलवरून चालणारं मशीन कशाला लागतं कुणाला, कपडे आत टाकायला तुम्हालाच उठायचंय ना?

तसंच सोसायट्यांनी गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी करायची हे मला अजिबात मान्य नाही, इतकं ऊन फुकट पडतंय आणि आपण फर्निचरवर चड्ड्या वाळवतोय... बरं, राहू दे, यावर पुन्हा कधी तरी बोलू.

शेवटचं, आणणं. फ्रंट लोड टेंपोत घालताना आतला टब हलू नये म्हणून पाठीमागून लांब बोल्ट लावायचे असतात, मूळ मशीनबरोबर येतात ते. विकणाऱ्याकडे ते असतात का विचारा, बहुतेकांनी टाकून दिलेले असतात. नसतील तर ड्रममध्ये आणि भोवती गोधड्या, उशा कोंबा, मशीन उभंच ठेवा, आडवं करू नका. आणि बोल्ट लावून आणलंत तर घरी आल्यावर चालू करायच्या आधी काढा. काढले नाहीत तर पहिल्याच स्पिनला मशीन स्वयंपाकघरभर चालत सुटतं. आमच्याकडे बोल्ट नव्हते, आत्याने ड्रममध्ये ती ओली पिशवीच घातली आणि भोवती चादरी. पुन्हा सांगतो, मळके कपडे घेऊन जा, येतानाही कामाला येतात.

ते मशीन धायरीत अजून चालू आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आत्या खाली परात लावते, फिल्टर उघडते, आणि जे काही चिल्लर निघेल ते देवघराच्या डबीत टाकते. मागच्या महिन्यात माझ्या नव्या जीन्समधले दहा रुपये निघाले. मागितले तर म्हणाली, धुण्याचे.