रेघेपर्यंत

(दृश्य: लांब मानेचा काचेचा चंबू. मानेवर कोरलेली एकच बारीक रेघ.)

मोल म्हणजे कण मोजायचं रसायनशास्त्रातलं माप, जसा डझन. एक मोल मीठ, म्हणजे ५८.४४ ग्रॅम सोडियम क्लोराइड. लिटरमागे एक मोल असलं की द्रावण एक मोलार, म्हणजे त्याची मोलारिटी एक. मग तेवढं मीठ घेऊन वर लिटरभर पाणी ओतलं की झालं? इथेच बहुतेकांची गल्लत होते. असं केलं तर द्रावण लिटरपेक्षा जास्त भरतं आणि संहती, म्हणजे द्रावणाची तीव्रता, कमी पडते. लिटर मोजायचा तो पाण्याचा नव्हे, तयार द्रावणाचा.

म्हणून मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवतात. ते चंबूत जातं, मग बीकर धुतलेलं पाणीही चंबूतच. रेघ जवळ आली की हात आखडता घ्यायचा, थेंब थेंब. काचेत पाणी मधोमध खोलगट दिसतं. त्या खोलीचा तळ रेघेला टेकायला हवा, आणि डोळा रेघेच्या पातळीत. रेघेच्या वर गेलं? जास्तीचं काढून भागत नाही, त्याच्याबरोबर मीठही निघून जातं. पुन्हा पहिल्यापासून!

(दृश्य: चंबूवर छापलेले ‘२० अंश सेल्सिअस’.)

हे तापमान उगाच छापलेलं नाही. २० अंशांचं पाणी ३० अंशांवर गेलं की लिटरमागे अडीच मिलिलिटरने फुगतं. मीठ तेवढंच, मोलारिटी मात्र घसरली. मोलॅलिटी या दुसऱ्या मापाला हा त्रास नाही, कारण तिथे द्रावक, म्हणजे विरघळवणारं पाणी, किलोत मोजतात.

टक्क्यांचं तर विचारूच नका. वजनात वजन, की आकारमानात वजन? ‘०.९ टक्के सलाइन’ म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणात ०.९ ग्रॅम मीठ, मोलारिटीत सुमारे ०.१५४.

(दृश्य: ब्युरेट, म्हणजे आकडे कोरलेली, तोटीची उभी काचनळी. खाली शंकूपात्र.)

सोडियम हायड्रॉक्साइडचं तर वजनही भरवशाचं नाही. तराजूवर असतानाच ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. त्यामुळे त्याची खरी संहती अनुमापनानेच ठरते, म्हणजे नेमक्या वजनाच्या आम्लाला ते किती पुरतं हे थेंबाथेंबाने मोजून. शंकूपात्रात अचूक तोललेलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट (हेच ते आम्ल), दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन (आम्ल संपलं की गुलाबी होणारा दर्शक), वरून ब्युरेटमधलं हायड्रॉक्साइड. थेंब पडतो, गुलाबी वलय उमटतं, पात्र हलवलं की विरतं. आणखी एक थेंब. आता फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला. ब्युरेटवरचा आकडा लगेच लिहून घ्या.

(दृश्य: तेच पात्र, थोड्या वेळाने. रंग गेलेला.)

हवेतला कार्बन डायऑक्साइड.