तोंड वर्गाकडे

नमस्कार श्रोतेहो. दिव्यांग मुलांनी गावातल्याच शाळेत, इतरांच्याच बाकावर शिकायचं, हे कायद्यानं कधीच ठरलंय. आम्हा शिक्षकांची तयारी? माझ्या डी.एड.ला या विषयावर एक टीप यायची. पाठ केली, लिहिली, विसरले.

मग तिसरीत तो आला. फळ्यावरचं सगळं वळणदार अक्षरात उतरवायचा, श्रुतलेखनाला मात्र वही कोरी. मी बाकांमधून फिरत शब्द सांगायची आणि हा मान वळवून माझ्याकडे बघत बसायचा. मला वाटायचं, मागच्याचं बघतोय. रागावले. एकदा पट्टीही मारली.

जानेवारीत माझा घसा बसला. खुर्चीत बसूनच, ओठ मोठे हलवत दहा शब्द सांगितले. वर्ग ओरडतोय, "बाई, ऐकू येत नाही!" आणि हा खाली मान घालून लिहितोय! सात बरोबर. चुकले ते कसे? 'मामा'चं 'बाबा', 'माळ'चं 'बाळ', 'पाय'चं 'माय'. आरशासमोर म्हणून बघा, ओठ सारखेच मिटतात. पोरगा ओठांवरून ऐकत होता, आणि मी जूनपासून फळ्याकडे तोंड करून शिकवत होते.

कानाचं यंत्र यायला पुढचं वर्ष उजाडलं. फिरते विशेष शिक्षक येतात, तासभर बसतात, जातात. बाकी आठवडा मूल आपल्याकडेच. म्हणून सांगते, तोंड वर्गाकडे. आधी लिहा, मग वळा, मग बोला. खिडकीला पाठ करून उभं राहू नका, चेहरा अंधारात जातो. यंत्र आलं तरी हेच, कारण त्यात वर्गाचा गलकाही मोठा होतो. पुन्हा सांगते, तोंड वर्गाकडे.

चौथीला त्याला आमचे झुपकेदार मिशांचे गुरुजी आले. पंधरा दिवसांत पोरगा कोरी वही घेऊन माझ्या दारात. मी गुरुजींना गाठलं. "म्हणजे मिशी काढू म्हणता, बाई?" काढली नाही त्यांनी. पण सोमवारी ओठांवरून कातरून आले.